2000 पॉइंटांत कार्ल फ्रान्झ आणावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार मित्र वॉरहॅमर फँटसी बॅटल हा टेबलावर छोट्या मॉडेलांच्या फौजा लढवायचा खेळ आठव्या आवृत्तीच्या नियमांनी खेळतात, बहुतेक वेळा 2000 पॉइंटांची लढाई, म्हणजे प्रत्येकाच्या फौजेची एकूण किंमत 2000 पॉइंट. प्रश्न विचारणाऱ्याची फौज एम्पायरची, म्हणजे माणसांच्या साम्राज्याची, अर्धी रंगवून झालेली. सेनापती म्हणून सम्राट कार्ल फ्रान्झला डेथक्लॉ या ग्रिफनवर बसवून आणायचं त्याच्या मनात आहे. एक मित्र म्हणतो, स्पेशल कॅरेक्टर, म्हणजे स्वतःचं नाव आणि खास नियम असलेला वीर, आणणं ही सरळ लबाडी आहे. दुसरा मित्र हाय एल्फ खेळतो आणि दर शनिवारी टेक्लिस हा त्यांचा महाजादूगार घेऊन येतो. आता करायचं काय?

आधी उत्तर देतो, मग कारणं. 2000 ला सम्राट आणू नका. लबाडी आहे म्हणून नव्हे, परवडत नाही म्हणून. मॉडेल मात्र खुशाल घ्या, त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

त्या पहिल्या मित्राचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. चौथी आवृत्ती 1992 ची, पाचवी 1996 ची. त्या काळात फौजेचे निम्मे पॉइंट सेनापती, वीर आणि जादूगार यांच्यावर उधळायला मुभा होती. परिणाम असा की दोन्ही बाजूंना तीन-चार महावीर जादुई शस्त्रं लेवून एकमेकांना भिडायचे आणि मागे उभे असलेले शंभर भालेकरी शोभेला. लोकांनी त्या प्रकाराला ‘हीरोहॅमर’ असं नावच ठेवलं होतं. 2000 साली सहावी आवृत्ती आली आणि तिने लगाम घातला: 2000 पॉइंटांच्या फौजेत कॅरेक्टर जास्तीत जास्त चार, त्यातला लॉर्ड, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा, एकच. वर स्पेशल कॅरेक्टर आणायचं तर समोरच्याची परवानगी हवी, हे आर्मी बुकात, म्हणजे त्या त्या फौजेच्या नियमपुस्तकात, छापलेलं असायचं.

मी खेळायला लागलो तो याच काळात. नोकरीमुळे काही वर्षं नॉटिंगहॅमला होतो, जिथे हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय आहे. लेंटन भागातल्या त्यांच्या वॉरहॅमर वर्ल्डमध्ये शनिवार-रविवार टेबलं मिळायची, भूक लागली की शेजारीच बगमन्स नावाचा बार. बगमन हा खेळातला ड्वॉर्फ दारू गाळणारा, म्हणजे बारही एका स्पेशल कॅरेक्टरच्या नावाचा! पण टेबलावर स्पेशल कॅरेक्टर क्वचितच दिसायची. परवानगी मागण्यातच एक अवघडलेपण असतं. लग्नघरी ‘आणखी एक जिलबी मिळेल का’ विचारल्यासारखं. नाही कुणी म्हणत नाही, पण विचारणाऱ्याची नोंद होते. बऱ्याच स्पर्धांत तर त्यांना थेट बंदी होती.

पुढे 2008 च्या सुमाराला निघालेल्या आर्मी बुकांतून ती परवानगीची अट गळाली. आठव्या आवृत्तीने, म्हणजे 2010 साली, जागांचा हिशेब काढून टक्केवारी आणली: लॉर्डांना जास्तीत जास्त 25 टक्के, त्यांच्या खालच्या दर्जाच्या हीरोंना 25, कोअर, म्हणजे साध्या तुकड्या, किमान 25. या चौकटीत बसणारं कुठलंही स्पेशल कॅरेक्टर आणणं नियमात आहे. तेव्हा तुमचा मित्र जे बोलतोय तो जुन्या अटीचा उरलेला संस्कार आहे. त्याला वेड्यात काढू नका, पण ऐकलंच पाहिजे असंही नाही.

आता पॉइंटांच्या हिशेबाची गोष्ट. 2000 च्या 25 टक्के म्हणजे 500. डेथक्लॉसकट सम्राट घ्यायचा म्हटलं की लॉर्डांच्या या पाचशेत दुसऱ्या कुणाला जागा उरत नाही. आणि एम्पायरच्या लॉर्डांमध्ये सगळ्यात जास्त गरज कुणाची असते? चौथ्या पातळीच्या विझर्ड लॉर्डची. आठव्या आवृत्तीत मंत्र म्हणताना आणि तोडताना जादूगाराची पातळी फाशांच्या बेरजेत मिळवतात. सम्राट आणलात तर तुमच्याकडे फार तर हीरो दर्जाचा दुसऱ्या पातळीचा जादूगार असणार. समोर टेक्लिस, चौथ्या पातळीचा. दर मंत्राला तुम्ही दोनने मागे राहून सुरुवात करणार.

त्यात हा टेक्लिस कोणत्या पुस्तकातला, ते विचारून घ्या. 2013 च्या हाय एल्फ पुस्तकात त्याची धार बरीच बोथट केली आहे. आधीच्या, सातव्या आवृत्तीच्या काळातल्या पुस्तकातला असेल तर जरा बसून ऐका. साध्या जादूगाराला मंत्र अटळ करायला फाशांत दोन षटकार लागतात. चार फासे टाकले तर तशी शक्यता साधारण 13 टक्के, आणि ते झालं की जादू त्याच्यावरही उलटते. जुन्या टेक्लिसला षटकारच हवेत अशी अट नाही, इतर जोडीही चालते. चार फाशांत अशी जोडी पडण्याची शक्यता निम्म्याहून पुष्कळ जास्त. अटळ मंत्र तोडताच येत नाही, म्हणजे तुमचे तोडायचे फासे हातातच राहतात.

आता त्याने लोर ऑफ लाइफ या जादूच्या शाखेतला ‘ड्वेलर्स बिलो’ हा मंत्र घेतलेला आहे असं धरा. तो ज्या तुकडीवर पडतो तिच्यातल्या प्रत्येकाला स्ट्रेंग्थची, म्हणजे ताकदीची, परीक्षा द्यावी लागते. नापास झाला की मेला. चिलखत नाही, वॉर्ड सेव्ह (जादुई संरक्षणाचा फासा) नाही, काही नाही. माणसांच्या सेनापतीची स्ट्रेंग्थ 4. फाशावर 5 किंवा 6 पडला की संपला. म्हणजे तीनातून एकदा तुमचा सम्राट तलवारीला तलवार न लागता जमिनीत गडप. साधा जनरलही तसाच गडप होतो, पण त्याच्याबरोबर एवढे पॉइंट जात नाहीत. सेनापती गेल्याबद्दल समोरच्याला आणखी 100 व्हिक्टरी पॉइंट मिळतात, ते वेगळेच. हा मंत्र पायी किंवा घोड्यावरून तुकडीत शिरलेल्यांचा काळ. तुम्ही म्हणाल, माझा सम्राट ग्रिफनवर आहे, तुकडीत नाही. बरोबर. त्याच्यासाठी तोफ आहे.

तीन हजारांच्या एका लढाईत मी हे अनुभवलंय. समोर ड्वॉर्फ. माझा ग्रिफन नुकताच रंगवून झाला होता, पंखांच्या एकेका पिसाला तीन-तीन थर दिले होते. साहजिकच तो दिसावा म्हणून सगळ्यांच्या पुढे, मोकळ्या मैदानात ठेवला. पहिली फेरी ड्वॉर्फांची. त्याने टेप लावली, तोफेचा गोळा पडायची जागा ग्रिफनच्या बऱ्याच अलीकडे धरली आणि फासे टाकले. गोळा टप्पा घेत आरपार गेला. आठव्या आवृत्तीत असा गोळा स्वाराला आणि जनावराला दोघांनाही लागतो. सम्राट वॉर्ड सेव्हवर वाचला. ग्रिफनच्या जखमांसाठी एक फासा टाकायचा असतो, त्यावर 6 पडला. पाखरू गेलं. उरलेली लढाई साम्राज्य स्थापणाऱ्या सिग्मारचा वारस चार-चार इंच चालत होता आणि कुणापर्यंत पोहोचला नाही. मी ते मॉडेल डब्यात ठेवत असताना समोरचा फार सभ्यपणे म्हणाला, रंग छान जमलाय.

तोफेचं सोडा. सम्राट नीट पोहोचला तरी काय होतं बघा. त्याचा हातोडा घाल माराझ भयंकर आहे: लागला की जखम नक्की, चिलखत चालत नाही, आणि एकेका जखमेच्या एक ते तीन होतात. तुम्हाला वाटतं याने व्हँपायर ठेचायचा. व्हँपायर सांगाड्यांच्या तुकडीत उभा आहे. तुम्ही हल्ला चढवता, सम्राट द्वंद्वाचं आव्हान देतो. आव्हान कुणी स्वीकारायचं ते समोरचा ठरवतो. तो तुकडीच्या चँपियनला, म्हणजे तिच्या म्होरक्याला, पुढे करतो, एक स्वस्तातला सांगाडा. सम्राट त्याचा भुगा करतो. जास्तीच्या जखमांचे पाचपर्यंत गुण लढाईच्या निकालात धरतात, तेव्हा अगदीच वाया गेलं असं नाही. पण व्हँपायर शेजारी सुखरूप आहे आणि तुमच्या हॅलबर्डवाल्यांना कापतोय. पुढच्या लढाईत मी आव्हानच देत नाही म्हणालात तर त्याचा चँपियनच आव्हान देणार. तुम्ही स्वीकारलंत तर गाठ त्याच्याशी. नाकारलंत तर सम्राट मागच्या रांगेत. बुद्धिबळात वजीर प्याद्याने अडवल्यासारखं आहे हे, फक्त इथे वजिराला प्यादं खाण्यावाचून गत्यंतर नसतं.

मग सम्राटाचा उपयोग काय? लीडरशिप, म्हणजे फौजेचा धीर टिकवायची ताकद, 10. आणि इथेच मी आकडेमोड करायला सांगतो, कारण ‘दहा’ ऐकून भले भले भुलतात. लीडरशिपची परीक्षा दोन फाशांची, बेरीज आकड्याइतकी किंवा कमी आली तर पास. एम्पायरच्या साध्या शिपायांची लीडरशिप 7. ते 36 पैकी 15 वेळा नापास होतात. जनरल ऑफ द एम्पायर जवळ असेल तर 9 वर परीक्षा, नापास 36 पैकी 6 वेळा. सम्राट जवळ असेल तर 10 वर, 36 पैकी 3 वेळा. निम्मं झालं की! पण आता एका कॅप्टनच्या हातात बॅटल स्टँडर्ड, म्हणजे फौजेचं निशाण, द्या. त्याच्या 12 इंचांत सगळ्या परीक्षा एकदा पुन्हा देता येतात. मग साध्या जनरलजवळ नापास होण्याची वेळ 36 त एकदा येते, सम्राटाजवळ 144 त एकदा. अख्ख्या लढाईत तुम्ही अशा परीक्षा देणार दहा-पंधरा. त्यात 36 त एक आणि 144 त एक हा फरक डोळ्यांना दिसतदेखील नाही. पण जनरल आणि निशाण दोन्ही नसतील तर त्याच शिपायांची दाणादाण उडते. निशाण हे आधी घ्यायचं, लॉर्ड कोण हे मग ठरवायचं. नव्या खेळाडूंचं बरोबर उलटं चालतं.

आणि ही लीडरशिप सेनापतीपासून ठरावीक अंतरापर्यंतच पोहोचते. ग्रिफन एका दमात वीस इंच उडतो. उडाला की मागची फौज पोरकी. पानिपतावर भाऊसाहेबांची अंबारी रिकामी दिसल्यावर काय झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. इथे तुमच्या अंबारीला पंख आहेत, एवढंच.

हे सगळं वाचून मी स्पेशल कॅरेक्टरांच्या विरुद्ध आहे असं वाटेल. नाही. मी त्यांच्याकडे एकच प्रश्न घेऊन जातो: हा माणूस स्वतः काय करतो ते राहू दे, याच्यामुळे बाकीची फौज काय करायला लागते?

टूम किंग्ज या सांगाड्यांच्या फौजेची राणी खलिदा घ्या. 2011 च्या पुस्तकात ती ज्या धनुर्धारी सांगाड्यांच्या तुकडीत जाते त्यांचे बाण विषारी होतात. हे सांगाडे नेमबाज म्हणून सुमार: 5 किंवा 6 पडला तर बाण लागतो, पण अंतर, आडोसा कशाचाच त्यांच्या नेमावर परिणाम होत नाही. समजा 36 बाण सोडले. 12 लागतात. समोर टफनेस (कणखरपणा) 4 चे ऑर्क असतील तर त्यातल्या तिसऱ्या हिश्शाच्या जखमा होतात, म्हणजे 4. आता खलिदा आत आली. ज्या 6 बाणांना षटकार पडला ते थेट जखम करतात, उरलेल्या 6 मधून आणखी 2. एकूण 8. तिने स्वतः हात न उचलता तुकडीचा मारा दुप्पट झाला. शिवाय तुकडी जितकी मोठी तितका फायदा मोठा, म्हणजे ती तुम्हाला एका विशिष्ट तऱ्हेची फौज उभारायला लावते. हे खरं स्पेशल कॅरेक्टर. वॉरियर्स ऑफ केऑस या फौजेतला थ्रॉग तसाच: तो सेनापती असला की ट्रोल कोअरमध्ये मोजतात, आणि एरवी कधीच न दिसणारी ट्रोलांची फौज टेबलावर येते. असं कुणी आणलं तर मी खुर्ची पुढे ओढून बसतो.

उलट टोकाला जुना टेक्लिस, किंवा ड्वॉर्फांचा थोरेक, ज्याला ॲन्व्हिल ऑफ डूम या जादुई ऐरणीचा फासा पुन्हा टाकता यायचा. ही माणसं फौजेला वेगळं वळण देत नाहीत, खेळाचा एक अख्खा भाग समोरच्याच्या हातून काढून घेतात. नियमात असतील, पण समोरच्याला बघत बसण्यापलीकडे काम उरत नाही. कार्ल फ्रान्झ या दोन्हींत नाही. तो चांगला आहे, दिमाखदार आहे आणि फक्त महाग आहे.

टेक्लिसवाल्या मित्राशी बोला, आणि लढाई सुरू व्हायच्या आधी बोला. टेबलावर मॉडेलं मांडून झाल्यावर काढलेला विषय नेहमी चिघळतो. आमच्या पुण्यातल्या कंपूत आम्ही जुनी परवानगीची अट नव्या रूपात ठेवली आहे. बुधवारपर्यंत एकमेकांना निरोप: शनिवारी 2000, माझ्याकडे अमुक येणार आहे, चालेल ना? नको असेल तर ‘नको’ एवढंच लिहायचं, कारण द्यायचं नाही. कारण विचारायचंही नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रश्नच उरत नाही. दर वेळी टेक्लिस आणणाऱ्याला बंदी घालू नका. दोन लढायांत एकदा, किंवा एकदा नवं पुस्तक एकदा जुनं, असं काहीतरी ठरवा. माझा अनुभव असा की माणूस त्या कॅरेक्टरला चिकटतो ते बहुधा बाकीची यादी नीट जमत नाही म्हणून. दोनदा त्याच्याशिवाय खेळला की भाल्यांच्या रांगा लावायला शिकतो.

आणि ठरवून, गोष्ट म्हणून खेळायची लढाई असेल तर हे सगळे हिशेब गुंडाळून ठेवा. 2004 च्या उन्हाळ्यात गेम्स वर्कशॉपने ‘स्टॉर्म ऑफ केऑस’ नावाची मोहीम चालवली होती. ठिकठिकाणचे खेळाडू आपापल्या लढायांचे निकाल पाठवायचे आणि त्यावरून केऑसचा सेनापती आर्केऑन याची स्वारी कुठवर पोहोचली ते ठरायचं. गाडी साम्राज्यातल्या मिडनहाइम शहरापर्यंत आली. शेवटी ऑर्कांचा ग्रिमगॉर मध्येच घुसला, त्याने आर्केऑनला डोक्याने टक्कर मारून लोळवलं, आपणच सगळ्यात भारी असं जाहीर केलं आणि निघून गेला. पुष्कळांना तो शेवट पोरकट वाटला. मला अजून आवडतो. अशा ठिकाणी सम्राट नसेल तर मजा काय? तीन हजारांची लढाई ठेवा. तिथे लॉर्डांना 750 मिळतात, म्हणजे सम्राटाबरोबर जादूगाराचाही विचार करता येतो. आणि दोघांनी मिळून एक प्रसंग ठरवा: सम्राट वेढ्यातून बाहेर पडतोय, सहा फेऱ्यांत टेबलाच्या पलीकडच्या काठाला पोहोचला तर तुम्ही जिंकलात. तोफा मात्र मोजून ठेवायला सांगा, हा माझा पंखांवरून दिलेला सल्ला.

आणखी एक गोष्ट, पुढेमागे तुम्ही 2024 च्या जानेवारीत आलेल्या ‘द ओल्ड वर्ल्ड’ या याच जगातल्या नव्या खेळाकडे वळलात तर. त्याची कथा साम्राज्यात तीन सम्राट भांडत होते त्या काळातली आहे, इम्पीरियल सनाच्या तेविसाव्या शतकातली. कार्ल फ्रान्झ गादीवर आला 2502 मध्ये. म्हणजे तिथे तो जन्मालाच आलेला नाही. टूम किंग्जचा सेट्रा मात्र तिथेही आहे, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्याला काळाचं कसलं बंधन! सांगायचा मुद्दा, स्पेशल कॅरेक्टरवर उभी केलेली फौज नियम बदलले की उघडी पडते. ग्रिफनवर बसलेला साधा जनरल तिथेही चालतो.

म्हणून मॉडेल घ्या, पण डोळे उघडे ठेवून जोडा. 2012 साली निघालेल्या त्या प्लॅस्टिकच्या पेटीतून कार्ल फ्रान्झही करता येतो आणि ग्रिफनवरचा साधा जनरलही. ग्रिफन एकच. स्वार खोगिराला चिकटवू नका. खोगिरात आणि स्वाराच्या बुडाशी बारीक ड्रिलने भोक पाडून तीन मिलिमीटरचे लोहचुंबक बसवा. चिकटवण्याआधी दोन्हींची टोकं स्केचपेनने खूण करून ठेवा, नाहीतर एक उलटा बसतो आणि सम्राट खोगिरावर ठेवला की उडी मारून खाली पडतो. जनरलला तुम्हीच नाव द्या, त्याची ढाल तुमच्या आवडत्या परगण्याच्या रंगात रंगवा आणि पहिल्या पाच-सहा लढाया त्यालाच न्या. 2000 मध्ये तोही ग्रिफनवर न बसवता घोड्यावर ठेवलात तर विझर्ड लॉर्डची सोय होते. ग्रिफन तोवर कपाटात राहू दे, त्याची पिसं रंगवायला तसाही महिना लागतो.